मशीद लिहू की मस्जिद? (पत्रकासाठी मदत हवी आहे)

गल्लीबोळ:
नमस्कार मंडळी. आमचा एक छोटा ग्रुप आहे, रविवारी सकाळी लोकांना घेऊन जुन्या मुंबईत फिरतो, यावेळी क्रॉफर्ड मार्केट ते मांडवी असा रूट ठरलाय आणि मराठी पत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी सरळ लिहिलं 'जामा मशीद'. ग्रुपवर टाकल्या टाकल्या एकाने हरकत घेतली की मशीद हा अपभ्रंश आहे, त्या लोकांना अपमान वाटतो, मस्जिद लिहा. त्यावर दुसऱ्याने एक फॉरवर्ड चिकटवला की इंग्रजीतही मॉस्क म्हणू नका कारण तो शब्द मॉस्किटोवरून आलाय, स्पेनच्या राजाराणीने मुसलमानांना डासांसारखं चिरडू असं म्हटलं होतं वगैरे वगैरे. मग तिसरा म्हणाला सरळ 'प्रार्थनास्थळ' लिहा आणि सुटा. पण रूटवर मशिदी आहेत, दर्गे आहेत, मस्जिद नावाचं अख्खं स्टेशन आहे आणि एक ज्यूंचं सिनेगॉगपण आहे, सगळ्यांनाच प्रार्थनास्थळ म्हटलं तर माणूस चालेल कुठून कुठे? जाणकारांनी प्रकाश टाका. राजकारण नको प्लीज, ते सगळीकडे फुकट मिळतं.

ऱ्हस्वदीर्घ:
मराठीत मशीद. विषय संपला. फक्त एक सांभाळा, मशीद मधला शी दीर्घ आणि मशिदीत, मशिदी, मशिदीचा यातला शि ऱ्हस्व. पत्रकात 'मशीदीत' छापलंत तर मी स्वतः येऊन पेनने दुरुस्त करीन.

टकलू_हैवान:
आले आले गुरुजी आले 😄

ऱ्हस्वदीर्घ:
हसा. पण तुमच्या ग्रुपमधले ते 'अपभ्रंश आहे' म्हणणारे आहेत ना त्यांना विचारा, नशीब म्हणता की नसीब? शिपाई म्हणता की सिपाही? शिफारस की सिफारिश? फारसी-अरबीतून आलेल्या शब्दात स च्या पुढे इ किंवा ई आली की मराठी जीभ त्याचा श करते, ती सवय आपल्या घरच्या शब्दांनाही आहे, म्हैस चं अनेकवचन म्हशीच होतं ना. मस्जिद मधला ज बोलताना गळला की उरतं मसीद, पंजाबीत तर आजही मसीत म्हणतात, आणि मसीद मराठीत आली की मशीद होणारच. याला बिघडणं म्हणत नाहीत, हा शब्द इतकी शतकं इथे राहिलाय की त्याला मराठीची सगळी विभक्ती लागते. मस्जिद ला लावून बघा, 'मस्जिदीत' लोक लिहितात हल्ली, पण म्हणून बघा जरा मोठ्याने.

दापोलीची_झीनत:
गल्लीबोळ, 'त्या लोकांपैकी' एक बोलतेय 🙂 आम्ही कोकणातले, घरात मराठीच, म्हणजे आमची कोकणी मुसलमानांची बोली, पण मशिदीला मशीदच म्हणतो. आजोबा मशिदीत जायचे, मशिदीच्या हौजावर वजू (नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं) करायचे, मोहल्ल्याची जमात मशिदीच्या पडवीत बसायची, यात कोणाचा अपमान झालेला मला आठवत नाही. दाभोळला खाडीकाठी जी जुनी शाही मशीद आहे तिला तर गावात अंडा मशीद म्हणतात, त्या घुमटामुळे. आता यात अपमान शोधायला बसलं तर आमच्याच पूर्वजांवर केस करावी लागेल.

हां, एक खरं आहे की नवी पिढी मस्जिद जास्त म्हणते, माझा भाचा म्हणतो. पण त्याचं कारण त्याचं शिक्षण उर्दूत झालंय आणि मोबाईलवर तो ऐकतो ते सगळं हिंदी-उर्दू. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे गेलात तर दखनीत मज्जिद ऐकू येईल. तिन्ही बरोबर. तुमचं पत्रक मराठी आहे तर मशीद लिहा ना बिनधास्त.

गल्लीबोळ:
झीनत धन्यवाद, ग्रुपवर तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा टाकतो. आणि मॉस्किटोचं काय?

भटकभवानी:
ते फॉरवर्ड म्हणजे कधी न मरणारं प्रकरण आहे, दर दोन वर्षांनी उगवतं. त्यात मक्का म्हणजे दारूचा गुत्ता हे पण असतं बहुतेक. मूळ शब्द अरबी मस्जिद, त्याचं स्पॅनिशमध्ये मेझकिता झालं, इटालियनमध्ये मोस्केआ, फ्रेंचांनी मोस्के केलं आणि इंग्रजांनी तिथून उचलून मॉस्क. मॉस्किटो हा वेगळ्याच खानदानातला, स्पॅनिश मोस्का म्हणजे माशी (लॅटिन मुस्का) आणि मॉस्किटो म्हणजे चिमुकली माशी. स्पेनमधलं मुसलमानांचं शेवटचं राज्य ग्रॅनडा पडलं 1492 ला, त्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द युरोपातल्या भाषांत आहे, त्यामुळे राजाराणीच्या त्या डायलॉगचा काही संबंधच नाही. स्पेनमधल्या कॉर्डोबाला गेले होते तेव्हा बघितलं, तिथली ती खांबांच्या जंगलाची प्रचंड इमारत मूळची मशीद, पण तेराव्या शतकापासून कॅथीड्रल आहे, आत ख्रिस्ती प्रार्थना (मास) होते, आणि गावातले सगळे कॅथलिक लोक तिला अजूनही ला मेझकिताच म्हणतात. नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

आता अमेरिकेत वगैरे बरेच मुसलमान मॉस्क ऐवजी मस्जिद म्हणणं पसंत करतात हे खरंय, आपला मूळ शब्द असताना तिसऱ्याच वळणाने आलेला कशाला, असा तो विचार. तो मला पटतो. पण त्यासाठी डास मारायची गरज नाही.

टकलू_हैवान:
शब्दाचा मूळ अर्थ काय पण? प्रार्थनेची जागा एवढंच?

शब्दवेडा:
सजदा करायची जागा. स-ज-द हा धातू, सजदा म्हणजे कपाळ जमिनीला टेकवणं, आणि अरबीत धातूच्या आधी म लावून जागेचं नाव करतात, जसं मकतब म्हणजे लिहायची जागा, मदरसा म्हणजे शिकायची जागा. म्हणजे शब्दात घुमट नाही, मिनार नाही, भिंतसुद्धा नाही. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) सगळी जमीन माझ्यासाठी मस्जिद केली आहे असं वचन आहे, त्याचा अर्थ हाच की स्वच्छ जागा मिळेल तिथे नमाज पढता येतो.

आणि शब्द इस्लामच्या आधीचा आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इजिप्तमध्ये नाईलमधल्या एलिफंटाइन बेटावर (आपल्या घारापुरीच्या एलिफंटाशी संबंध नाही) इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातले अरामी भाषेतले पपायरस सापडले, तिथे राहणाऱ्या ज्यू शिपायांचे, त्यातल्या एका शपथेत हा म-स-ग-द शब्द येतो. जॉर्डनमधल्या पेट्रावाल्या नबाती लोकांच्या शिलालेखातही आहे. कुराणातसुद्धा गुहेत झोपलेल्या तरुणांच्या गोष्टीत त्यांच्या जागेवर मस्जिद बांधू असं लोक म्हणतात, ती गोष्ट तर महंमद पैगंबरांच्या आधीच्या काळातली.

[हा प्रतिसाद धोरणाविरुद्ध असल्याने काढून टाकला आहे. — संपादक]

[हा प्रतिसाद वरील प्रतिसादाला उत्तर असल्याने काढून टाकला आहे. — संपादक]

संपादक:
भोंग्यांवर बोलायचं असेल तर त्याचे चार धागे आधीच वर तरंगतायत, तिकडे जा. हा धागा शब्दाचा आहे.

पाटलाचा_वाडा:
संपादकांनी बरोबर केलं. मला जरा वेगळं बोलायचंय. आपल्या मराठी हिंदू लोकांचा घोळ मशीद-मस्जिद असा नाहीच्चे, घोळ मशीद आणि दर्ग्याचा आहे. आमच्या ऑफिसात निम्मे लोक 'हाजीअलीच्या मशिदीत चादर चढवली' म्हणतात. अरे मशिदीत चादर कुणावर चढवणार? चादर कबरीवर, कबर असते दर्ग्यात, आणि दर्गा म्हणजे कुणातरी पीर-अवलियाची समाधी. हाजीअलीला आवारात मशीदपण आहे पण लोक जातात ते दर्ग्याला. माहीमचं मखदूम बाबांचं ठिकाण तेच, डिसेंबरात पोलिसांचा मानाचा संदल निघतो तो दर्ग्याला. मशिदीत नवस नाही, उरूस नाही, संदल नाही, प्रसाद नाही. पाच वेळचा नमाज, शुक्रवारचा खुतबा (प्रवचन), रमजानात तरावीह (रात्रीचा जादा नमाज). आमच्या गावात (सांगली जिल्हा) दर्ग्याची देखभाल करणारा मुजावर आणि मशिदीत नमाज पढवणारा पेशइमाम ही दोन वेगळी माणसं, मुजावराचं घर पिढीजात, इमाम बाहेरून येतो पगारावर, बदलतो. अख्खं गाव पिराच्या उरुसाला नारळ घेऊन जातं पण मशिदीत आत कसं असतं हे नव्वद टक्के लोकांनी बघितलेलं नसतं, मग सगळ्या हिरव्या घुमटाला एकच शब्द लावतात.

आणि ईदगाह आणखी वेगळी, ती गावाबाहेर उघड्यावर, बहुतेक ठिकाणी नुसती पश्चिमेची एक भिंत, कारण आपल्याकडून मक्का पश्चिमेला. वर्षातून दोनदाच भरते.

दापोलीची_झीनत:
पाटील +1. फक्त एक, दर्ग्यांबद्दल मुसलमानांतही मतं वेगळी असतात, सगळेच मुसलमान दर्ग्याला जातात असंही समजू नका. माझे सासरे कधीच जात नाहीत, सासूबाई गुपचूप जातात 🤫

पाटलाचा_वाडा:
आमच्याकडे वारीचं असंच आहे, बाबा आर्यसमाजी आई माळकरी

जामा_की_जुम्मा:
मग जामा मशीद आणि जुम्मा मशीद यात काय फरक? मुंबईच्या मशिदीला जुम्मा पण लिहिलेलं बघितलंय.

शब्दवेडा:
जामा हे मूळचं अरबी जामी, म्हणजे एकत्र जमवणारी, जुमा म्हणजे शुक्रवार, दोन्ही ज-म-अ या एकाच धातूचे, जमात आणि जमाव पण त्याच घरातले. शुक्रवारी दुपारचा मोठा नमाज आणि खुतबा जिथे होतो ती जामा मशीद. त्यामुळे अर्थ एकाच ठिकाणी पोचतो. तुर्कस्तानात हा फरक अजून शाबूत आहे, मोठी असेल तर जामी आणि बाजारातली, ऑफिसातली छोटी नमाजाची खोली असेल तर मेस्जित, म्हणजे आपली मस्जिदच. आपल्याकडे जामा हे विशेषण होऊन बसलंय आणि लोकांना वाटतं जामा म्हणजे नाव किंवा अंगरखा. क्रॉफर्ड मार्केटजवळची जी आहे ती 1802 ची, तिचे ट्रस्टवाले जुम्मा लिहितात, लोक दोन्ही म्हणतात. गल्लीबोळ, तिथे गेलात की हौज नक्की दाखवा, मशीद बांधलीय ती मूळच्या तळ्यावर, खाली अजून पाणी आहे, मासे आहेत, त्या पाण्यातून वर कमानी उठतात आणि त्यांच्यावर इमारत उभी. परवानगी आधी विचारून ठेवा आणि नमाजाच्या वेळा टाळा.

अश्दोदची_माई:
मी उशिरा वाचला हा धागा, लिहायचं राहवलं नाही. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, माहेर रेवदंड्याजवळचं, आता इकडे इस्रायलमध्ये अश्दोदला असते, मराठी टायपिंगची सवय कमी झाली आहे तर सांभाळून घ्या.

आमच्या घरात मशीद म्हणजे आमची मशीद. म्हणजे सिनेगॉग. आजी सिनेगॉग हा शब्द कधीच बोलली नाही, ती म्हणायची आज शनिवार आहे, मशिदीत जायचं आहे. तुमच्या रूटवर जे आहे ना मांडवीचं, ते 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं, हिब्रू नाव शार हारहमीम म्हणजे दयेचं दार, पण आमच्या लोकांत त्याचं नाव जुनी मशीद. नंतर दुसरं बांधलं ती नवी मशीद. गोष्ट अशी सांगतात की दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या लढाईत पकडले गेले, बेने इस्रायल हे नाव कुराणात आहे म्हणून त्यांना सोडलं, मग त्यांनी नवस फेडला. गोष्टीचं किती खरं ते सोडा, आम्ही लहानपणी हीच ऐकली.

कोकणात आम्ही तेल काढायचो, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. मूर्ती नाही, पूजा नाही, आत गेल्यावर प्रार्थना म्हणायची, अशा जागेला शेजारीपाजारी मराठीत एकच शब्द होता, तो आम्ही घेतला. आमच्यात धर्माचं बघणाऱ्या माणसाला काजी म्हणायचे. आणि मलिदा आमचाही आहे, एलियाहू हनावीचा (एलिया पैगंबरांचा), पोहे आणि नारळ घालून, दर्ग्यावर मलिदा असतो हे मला मुंबईत आल्यावर कळलं.

इकडे आल्यावर मात्र गंमत झाली. हिब्रूत मुसलमानांच्या मशिदीला मिस्गाद म्हणतात, तोच धातू. आजी शेजारणीला मराठीमिश्रित हिब्रूत सांगायची मी मशिदीत चालले, आणि ती बिचारी मोरोक्कोची ज्यू बाई, तिला अरबी येत होतं, ती घाबरून आईला विचारायला आली होती की तुमच्या सासूबाई नक्की कुठे जातात 😂

टकलू_हैवान:
माई, हा प्रतिसाद या साईटवरचा या वर्षातला बेस्ट. 🙏

गल्लीबोळ:
माई!! हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मस्जिद स्टेशन...

अश्दोदची_माई:
हो आमच्यात सगळे असंच मानतात, स्टेशनचं नाव जुन्या मशिदीवरून. बाजूला सॅम्युअल स्ट्रीटपण आहे, सामाजी म्हणजेच सॅम्युअल.

रेल्वेवेडा_सीएसएमटी:
थांबा थांबा. ही स्टोरी हल्ली प्रत्येक रीलमध्ये असते आणि प्रत्येक जण 'तुम्हाला माहीत आहे का' म्हणून सांगतो. स्टेशनच्या दोन पावलांवर जकरिया मशीद आहे, मिनारा मशीद आहे, अख्खा भाग मशिदींनी भरलेला आहे. एवढ्या मशिदी असताना नाव सिनेगॉगवरून पडलं याला रेल्वेचा काही कागद? नाही तर ऐकीव म्हणूनच सांगा.

अश्दोदची_माई:
कागद माझ्याकडे नाही भाऊ. पण जी इमारत तुम्ही सिनेगॉग म्हणता तिला त्या काळी मराठीत मशीदच म्हणत होते एवढं तर मान्य? मग मशिदीवरून नाव पडलं या वाक्यात ती पण आलीच की.

रेल्वेवेडा_सीएसएमटी:
हे मात्र मान्य. बोर्डावर मस्जिद लिहिलंय, लोक बोलताना मशीद बंदर म्हणतात, बंदर तर रेल्वेच्या नावात कुठेच नाही. 2024 ला विधिमंडळाने मरीन लाईन्स, करी रोड, सँडहर्स्ट रोड वगैरे सात स्टेशनांची नावं बदलायचा ठराव केला त्यात पण हे नव्हतं. पत्रकात 'असं सांगतात' लिहा म्हणजे माझा विरोध नाही.

पुणेरी_चहा:
पुण्यात उलटं आहे. लष्कर भागातलं सॅसूनांनी बांधलेलं सिनेगॉग, ओहेल डेव्हिड, ते लाल विटांचं उंच मनोऱ्याचं, त्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात. म्हणजे बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव देऊळ आणि बेने इस्रायलांनी स्वतः ठेवलेलं नाव मशीद. सिनेगॉगला स्वतःचा शब्द कोणी दिलाच नाही 😀

कोचीहून_नित्या:
केरळात तर कळसच आहे. इथे पल्ली म्हणजे मशीद, पल्ली म्हणजे चर्च आणि ज्यूंचं ते पण पल्ली. मला नवीन असताना एकाने पत्ता सांगितला पल्लीच्या समोर, मी अर्धा तास चर्चसमोर उभी, तो मशिदीसमोर. जुन्या काळी बौद्ध-जैनांच्या जागेला हा शब्द होता म्हणतात.

बातमीदार_रिटायर्ड:
प्रार्थनास्थळाबद्दल कोणीतरी वर विचारलंय. हा शब्द आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनी झिजवला. तणावाची बातमी असली की नाव घ्यायचं नाही हा अलिखित नियम, 'एका प्रार्थनास्थळावर दगडफेक', 'दोन गटांत बाचाबाची'. हेतू चांगला की नाव वाचून कुणी पेटू नये. पण झालं असं की प्रार्थनास्थळ वाचलं की वाचक आधी दंगल समजतो मग बाकीचं. त्यामुळे रविवारच्या फेरफटक्याच्या पत्रकात प्रार्थनास्थळ अजिबात लिहू नका, लोकांना वाटेल पोलीस बंदोबस्तात नेताय.

ऱ्हस्वदीर्घ:
लाख बोललात. शिवाय शिर्डी कोणी आणलीच नाही अजून. साईबाबा शेवटपर्यंत राहिले ती पडकी मशीद होती, धुनी तिथे, तुळशीवृंदावनही तिथे, आणि त्यांनीच तिला द्वारकामाई म्हटलं, मशीदमाई म्हटलं. अरबीत मस्जिद पुल्लिंगी आहे, 'तो'. आपल्याकडे आणि उर्दूत ती बाई झाली म्हणून माई जोडता आलं, अरबीत हे सुचलंच नसतं.

टकलू_हैवान:
आणि मुल्लाची धाव मशिदीपर्यंत. मस्जिदपर्यंत म्हटलं तर धाव पोचतच नाही.

गल्लीबोळ:
ठरलं मग. पत्रकात 'जामा मशीद (1802)', दर्ग्याला दर्गा, मांडवीला 'शार हारहमीम सिनेगॉग, बेने इस्रायल समाजात जुनी मशीद', स्टेशनचं बोर्डावर आहे तसं 'मस्जिद' आणि खाली एक ओळ की नाव जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगतात. ग्रुपवर टाकलं, ज्याने हरकत घेतली होती त्याने अंगठा दिलाय. मॉस्किटोवाला अजून टायपिंग दिसतोय.

दापोलीची_झीनत:
तो येईल मक्का घेऊन, तयार राहा.

जामा_की_जुम्मा:
एक शेवटचं, भेंडीबाजारच्या पुढे इमामवाडा लिहायचं का इमामबाडा? आणि ती मशीद असते का?

पाटलाचा_वाडा:
मशीद नाही, शिया लोकांची मोहरमच्या मजलिसची (शोकसभेची) जागा. दखनमध्ये आशुरखाना म्हणतात, ताबूत-पंजे तिथेच असतात, आमच्या गावात पंजे बसवणारे मानकरी पाटीलच, म्हणजे आम्हीच, त्यावर लिहायला लागलो तर...

संपादक:
त्यावर नवीन धागा काढा पाटील, वाचायला आवडेल.